न बोलणारा भीम

दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या कलाकृतीची समीक्षा मराठीत फारशी होत नाही. बालसाहित्याची परीक्षणं येतात, बालनाट्याबद्दल अधूनमधून कुणी लिहितं. पण अजून नीट बोलूही न लागलेलं मूल रोज अर्धा-पाऊण तास जे बघतं, त्याबद्दल आपण दोनच सुरांत बोलतो. एक सूर काळजीचा : किती वेळ बघतो, डोळे जातील, सवय लागेल. दुसरा सूर सुटकेचा : बघताना चार घास जेवतो तरी! या दोन्ही सुरांत मूल बघतंय काय, याची चौकशी होत नाही. औषध किती चमचे द्यायचं यावर वाद घालावा आणि बाटलीवरचं नाव वाचूच नये, तसं हे आहे.

म्हणून या लेखात मी एकाच मालिकेबद्दल लिहिणार आहे. ‘मायटी लिटल भीम’. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशन या कंपनीची ही मालिका १२ एप्रिल २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर आली. याच कंपनीचा, राजीव चिलका यांचा ‘छोटा भीम’ २००८पासून पोगो वाहिनीवर होता आणि तोवर देशभरातल्या मुलांच्या दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर आणि राख्यांवर जाऊन बसला होता. त्या नऊ वर्षांच्या भीमाला मागे नेऊन रांगता-धावता बाळभीम केला, की ही नवी मालिका होते. भाग सहा-सात मिनिटांचे. गोष्ट बहुतेक वेळा एका ओळीची : बाळाला काहीतरी हवंय (बहुधा लाडू), ते उंचावर किंवा दुसऱ्याच्या हातात आहे, बाळाच्या अंगात हत्तीचं बळ आहे पण त्याला ते माहीत नाही, आणि आईची पाठ वळली आहे.

आणि मालिकेत कुणीही बोलत नाही. बाळ ‘आ, ऊ’ करतं, खिदळतं, रडतं. मोठी माणसं हुंकार देतात, दचकतात, कपाळावर हात मारतात. शब्द मात्र नाहीत. माझा सगळा लेख या एका गोष्टीबद्दल आहे.

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात एक कंटाळवाणा भाग असतो, लोकलायझेशनचा. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये काढायचं, प्रत्येक भाषेसाठी तशी एकेक फाइल करायची, मग जर्मन शब्द बटणात मावत नाही म्हणून बटण रुंद करायचं, मराठीतला रफार आणि वेलांटी वरून कापली जाते म्हणून ओळीची उंची वाढवायची. हे सगळं खर्चाचं आणि किचकट असतं. त्यावर एक सोपा उपाय कुणीतरी मीटिंगमध्ये हमखास सुचवतं : शब्द काढून टाका, चित्र लावा. चित्राला भाषांतर लागत नाही.

बाळभीम गप्प का, याचं व्यवहारी उत्तर मला इथे दिसतं. नेटफ्लिक्स एकशेनव्वदहून अधिक देशांत चालतं. भारतातच घटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. बोलणारं पात्र घेतलं, की प्रत्येक भाषेसाठी आवाज शोधा, ओठांच्या हालचालींशी वाक्य जुळवा, विनोद फिरवा. न बोलणारं पात्र एकदाच बनवायचं आणि जगभर पाठवायचं. ही युक्ती जुनी आहे. १९९०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून आलेल्या ‘पिंगू’ या मातीच्या पेंग्विनाला कुठलीच खरी भाषा नव्हती. कार्लो बोनोमी नावाचा एकच इटालियन कलाकार सगळ्या पात्रांची गंमतीदार बडबड करायचा. तीही अशीच सीमा ओलांडून गेली.

पण चित्राला भाषांतर लागत नाही, हे आमच्या धंद्यात अर्धंच खरं असतं. ‘सेव्ह’साठी आम्ही अजून फ्लॉपीचं चित्र लावतो; ज्यांनी आयुष्यात फ्लॉपी पाहिली नाही अशी मुलं ते चित्र म्हणजे एक अक्षर समजून पाठ करतात. चित्र भाषेतून सुटलं तरी मुलखातून सुटत नाही. ‘पेपा पिग’ या ब्रिटिश मालिकेचं उदाहरण घ्या. २००४मध्ये सुरू झालेली, पाच-पाच मिनिटांच्या भागांची, अत्यंत नीट बांधलेली मालिका. तिच्यातल्या एका भागात कोळी निरुपद्रवी असतात, त्यांना घाबरू नये असं सांगितलं जातं. इंग्लंडात ते ठीक आहे. ऑस्ट्रेलियातले काही कोळी माणसाचा जीव घेऊ शकतात, म्हणून तिथल्या सरकारी वाहिनीने तो भाग दाखवणं बंद केलं. कोळ्याचं चित्र तेच, पण मुलूख बदलला की त्याचा अर्थ बदलला.

आमच्याकडे कोळ्यांची अडचण नाही, डबक्यांची आहे. पेपाचा सर्वांत आवडता खेळ चिखलाच्या डबक्यात उड्या मारण्याचा. सिंधुदुर्गात पावसाळ्यात आरोग्य कर्मचारी घरोघर लेप्टोची माहिती देत फिरतात : उंदरा-गुरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी, पायावरची साधी खरचट, आणि मग ताप. लावणीला चिखलात उतरणाऱ्यांना आधी गोळ्या दिल्या जातात. पेपाची आई बूट घालायला लावते हे खरं, पण आमच्या चिखलात बूट रुततात, म्हणून शेतात माणसं अनवाणीच असतात. चिखल आमच्याकडे आधी काम असतो, मग आजार, आणि या दोन्हींतून वाचलेल्या वेळात खेळ. पेपावर टीका म्हणून हे लिहीत नाही. तिने आपल्या मुलखाबद्दल बोलावं हेच बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की आपल्या मुलखाबद्दल आपल्या मुलांशी कोण बोलणार?

माझ्या पिढीसाठी हे काम कुणीच केलं नाही. मी अकरा-बारा वर्षांची असताना ‘छोटा भीम’ आला. आमच्या वाडीत तोवर छपरावर डिश दिसू लागल्या होत्या. माझ्यापेक्षा लहान चुलत भावंडं शाळेत जायच्या आधीच ‘बचाओ’, ‘अब क्या होगा’ म्हणायला शिकली. घरात मालवणी, शाळेत प्रमाण मराठी आणि खेळात हिंदी अशी त्यांची वाटणी झाली. त्यात मला गंमत वाटायची; मुलं तीन भाषा सहज बोलतात याचं घरच्यांना कौतुकही होतं. पण वाटणी नीट पाहिली, तर पराक्रमाची, संकटाची, मित्राला हाक मारायची भाषा हिंदी होती. मालवणी उरली ती जेवायला बोलावण्यापुरती आणि ओरडा खाण्यापुरती. बोली मरते ती बंदी घातल्याने नाही. तिच्यात करण्यासारख्या गोष्टी कमी होत जातात, म्हणून मरते.

मराठीत डब केलेली कार्टून आता मिळतात. ती प्रमाण मराठीत असतात, आणि त्यात वावगं काही नाही. मालवणीत मात्र कुणी ध्वनिपट्टी करणार नाही. कोष्टकात खर्च आणि प्रेक्षकसंख्या मांडली, की ती ओळ कधीच नफ्यात येत नाही. असली कोष्टकं मी पाहिली आहेत. म्हणजे मालवणीत उपलब्ध असलेली लहान मुलांची अ‍ॅनिमेशन मालिका सध्या ‘मायटी लिटल भीम’ आणि तिच्यासारख्या मुक्या मालिका एवढ्याच. ज्या मालिकेत कुठलीच भाषा नाही, तीच सगळ्या भाषांत आहे.

हे म्हणणं शब्दांच्या कसरतीसारखं वाटेल, म्हणून थोडं पिंगुळीला जाऊ.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या कलांमध्ये कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावली-बाहुल्या आणि चित्रकथी आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ही नावं पुन्हा एकदा वर्तमानपत्रांत आली. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. एका आख्यानाची एक पोथी. चित्रं रामायण-महाभारतातली : टपोऱ्या डोळ्यांची, बाजूने काढलेल्या चेहऱ्यांची, गडद रेषांची माणसं. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभं करतो, साथीला वीणा, टाळ, हुडूक असतं, आणि तो त्या चित्राची गोष्ट गातो, सांगतो. गोष्ट संपली की चित्र बाजूला, पुढचं चित्र समोर.

पोथीतलं चित्र मुकं असतं. त्यावर ओळ लिहिलेली नसते. कथा कथेकऱ्याच्या तोंडात असते, आणि ती गावागणिक, समोरच्या माणसांगणिक बदलते. आमचा दशावतारही याच जातीचा : आख्यान ठरलेलं, सोंगं ठरलेली, पण संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर उभं राहून ते रचतात. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी ‘बेन्शी’ नावाचे निवेदक उभे राहून गोष्ट सांगायचे आणि काही बेन्शी तर नटांइतकेच प्रसिद्ध होते. चित्र एकाने करायचं आणि शब्द दुसऱ्याने घालायचे, ही जगात बऱ्याच ठिकाणी सापडणारी वाटणी आहे. बोलपट आला तेव्हा शब्द घालणाऱ्या माणसाची जागा गेली.

‘मायटी लिटल भीम’ने ही जागा पुन्हा मोकळी करून दिली आहे. तिने ते मुद्दाम केलं का, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. जागा मोकळी आहे, आणि तिथे कुणीही बसू शकतं.

आमच्या घरी तिथे माझी आई बसते. भावाचं कुटुंब पुण्यात असतं. भाचा मे महिन्यात आणि गणपतीत घरी येतो. तो तीन वर्षांचा आहे. त्याचं मराठी पाळणाघराचं, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी. आईचं सगळं बोलणं मालवणीत. दोघांचं एकमेकांवर खूप प्रेम आणि पहिले दोन दिवस एकमेकांचं निम्मं कळत नाही. गेल्या मे महिन्यात दुपारी पडवीत मोबाइल तांब्याला टेकवून दोघं भीम बघत, आणि आई न विचारता सुरू होई :

“बघ, आवस गेली भायर. आता ह्यो गप रवाचो नाय. तेचो डोळो लाडवार आसा. चडलो... चडलो मेलो! पडात हां आता!”

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की आई नुसतं वर्णन करत नाही. ती गोष्ट बदलते आहे. मालिकेत गोष्ट बाळाची आहे. कॅमेरा त्याच्या उंचीवर, गंमत त्याची, जीत त्याची. आईच्या तोंडून मात्र गोष्ट पडद्यावरच्या आईची झाली. “तिका जरा बसाक नाय गावूचा,” हे वाक्य दर भागात एकदा तरी यायचं. पडद्यावरची बाई गप्प होती; तिची तक्रार आमच्या पडवीतून निघाली. एका भागात एक मांजर नुसतं मागच्या भिंतीवर होतं, गोष्टीत त्याला काही काम नव्हतं. आई म्हणाली, “तेका बांगडो व्हयो आसतलो.” ढोलकपूरला समुद्र नाही. त्या दुपारी तो आला.

भाचा आठवडाभराने टेबलाखाली गेलेला चमचा शोधताना “खंय गेलो?” म्हणाला. एका मुलाच्या एका शब्दावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण याच्या बाजूला ठेवावं असं एक संशोधन आहे. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. इंग्रजी घरांतल्या काही बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली, बारा वेळा. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष माणसांशी खेळलेल्या बाळांना मँडरिनमधले ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. पडदा बघणाऱ्यांनी काहीच उचललं नाही. आवाज तोच, चेहरा तोच. फक्त समोर माणूस नव्हता. थोड्या मोठ्या मुलांवरच्या अभ्यासांतही अडीच-तीन वर्षांपर्यंत मूल पडद्यावरून कमी आणि माणसाकडून जास्त शिकतं, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

हे खरं मानलं, तर लहान मुलांच्या मालिकेत शब्द किती चांगले आहेत यापेक्षा ती मालिका शेजारच्या माणसाला किती बोलू देते, हा निकष जास्त महत्त्वाचा ठरतो. पेपात एक निवेदक आहे. दारात कोण आलं, कुणाला काय वाटलं, हे तो लगेच सांगून टाकतो. त्याच्यापुढे आजी काय बोलणार? बोलली तर मूलच तिला गप्प करतं, कारण पडद्यावरचं ऐकू येत नाही. १९९६च्या ‘ब्लूज क्लूज’ या अमेरिकन मालिकेने यावर वेगळा मार्ग काढला होता : निवेदक मुलांना प्रश्न विचारून खरोखर थांबायचा, आणि एकच भाग लागोपाठ पाच दिवस दाखवायचे, म्हणजे पाचव्या दिवशी मूल उत्तर ओरडून सांगायचं. तिथे मोकळी जागा मुलासाठी होती. बाळभीमात ती मोठ्यांसाठीही आहे. या एका गुणासाठी मी ही मालिका तिच्याहून सुबक असलेल्या कित्येक मालिकांच्या वर ठेवीन.

आता तिच्या उणिवा. त्या थोड्या नाहीत.

पहिली उणीव बळाची. दोन वर्षांच्या मुलाचा रोजचा अनुभव दुबळेपणाचा असतो. फळीपर्यंत हात पोचत नाही, दार उघडत नाही, मोठी माणसं उचलून नको तिथे नेऊन ठेवतात. बाळभीम हे सगळं एका झटक्यात उलटं करतो आणि मुलं खूश होतात; ते स्वाभाविक आहे. पण पन्नास वेळा तेच उत्तर आलं, की अडचणीला अर्थ उरत नाही. लाडू उंचावर आहे याचं दुःख खरं वाटावं इतका वेळ मालिका थांबत नाही. वाट बघणं, न जमणं, दुसऱ्याला विचारणं या तीनही गोष्टी त्या वयात शिकायच्या असतात आणि तिन्ही इथे क्वचित दिसतात.

दुसरी उणीव गावाची. ढोलकपूर हे भारतातलं कुठलंही गाव आहे, म्हणजेच कुठलंच नाही. होळी आहे, दिवाळी आहे, पतंग आहेत. त्यांचे खास भागही निघाले. पण सगळे सण जाहिरातीतल्यासारखे : स्वच्छ, रंगीत, कुणाच्याही न होणारे. लाडूचंच बघा. मालवणात मुलाला लाडू म्हटलं की जत्रेतला खडखडे लाडू आठवावा, जो दाताने फुटत नाही म्हणून आधी पायरीवर आपटतात; गणपतीतला वेगळा, बाळंतिणीचा वेगळा. पडद्यावर तो एक पिवळा गोळा आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर तो आयकॉन आहे : हवंसं वाटणाऱ्या वस्तूची खूण. जगभर समजावा म्हणून त्याची चव काढून घेतली आहे.

मराठीत लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार याच्या नेमका उलटा झाला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केलं, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा विचार होता. आणि मुलाच्या हातात द्यायचं ते त्याच अंगणातलं : बिया, पानं, शिंपले, खडे. तिथून निघालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आता सगळ्या देशाच्या तोंडी आहे. बाळभीमाच्या अंगणात सगळं आहे, पण त्यातली एकही वस्तू कुणा एका मुलाच्या अंगणातली नाही.

तिसरी उणीव संगीताची. शब्द काढले, पण सांगणं काढलं नाही. प्रत्येक पावलाला ठेका, प्रत्येक दचक्याला झांज, दुःख आलं की लगेच पडता सूर. मुलाला स्वतःहून हसायला किंवा घाबरायला जागा नाही. १९७४च्या ‘एक अनेक और एकता’ची इथे आठवण येते. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेली, भीमसेन यांनी अ‍ॅनिमेशन केलेली ती फिल्म उघडउघड उपदेशाची; एकीचं बळ शिकवायचं हे तिने लपवलं नाही. पण संगीत वसंत देसाईंचं होतं, जे आमच्याच सावंतवाडी मुलखात जन्मले. त्या फिल्मचं गाणं आमच्या आईवडिलांच्या पिढीतली माणसं आजही म्हणू शकतात, कारण ते म्हणण्यासाठी केलं होतं. बाळभीमाचं पार्श्वसंगीत कुणाला गुणगुणता येत नाही. ते फक्त मूल पडद्यापासून हलू नये यासाठी आहे.

आणि यावर सर्वांत मोठा आक्षेप असा : शेजारी आजी नसेल तर? पुण्यात भाचा हीच मालिका बघतो, तेव्हा त्याचे आईबाबा दोघंही कॉलवर असतात. तिथे मोकळी जागा मोकळीच राहते. एकट्या मुलाला पेपाकडून निदान वाक्यं तरी ऐकू येतात, भीमाकडून हुंकार. म्हणजे जी गोष्ट मालवणात या मालिकेचा गुण ठरते, तीच पुण्यात उणीव ठरते. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. चित्रकथीची पोथी कथेकऱ्याशिवाय भिंतीवर टांगली तर ती सुंदर दिसते, संग्रहालयात मानाने राहते, पण गोष्ट सांगत नाही. ही मालिका अर्धी आहे, आणि अर्धी असल्याचं ती कुठेही सांगत नाही. उलट ज्या घरात माणूस मोकळा नाही, त्याच घरात तिला जास्त मागणी आहे. गंमत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच्या शिफारशी जाहीर केल्या त्या ही मालिका आली त्याच महिन्यात, एप्रिल २०१९ला : वर्षाच्या मुलाला बसून पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून अधिक नको. बाळभीमाचा खरा प्रेक्षक दीड वर्षाचा आहे. त्या शिफारशींप्रमाणे तो प्रेक्षक असायलाच नको.

पण आजी शेजारी असली तरी एक अडचण उरते, आणि ती माझ्या धंद्यातून आलेली आहे. भाग संपला की काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. आई अजून मागच्या भागातल्या आवशीची बाजू घेत असते, भाचा काहीतरी विचारत असतो, आणि तेवढ्यात नवी गोष्ट निघते. दोघंही गप्प होतात. असलं ‘आपोआप’ कसं ठरतं ते मला माहीत आहे. कुणीतरी एक आकडा लक्ष्य म्हणून धरतो, बघण्याचा एकूण वेळ, आणि तो वाढवणारा पर्याय आधीपासून निवडलेला ठेवतात. बहुतेक माणसं तो कधी बदलत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

चित्रकथीत चित्र कधी बदलायचं हे कथेकरी ठरवतो. समोरचं मूल अजून राक्षसाच्या दातांकडे बघत असेल, तर तो दोन ओळी जास्त गातो. कुणी प्रश्न विचारला तर थांबतो. चित्र आणि शब्द दोन वेगळ्या हातांत असले तरी चालतं. चित्र उलटणारा हात मात्र शब्द सांगणाऱ्याचाच असावा लागतो. ‘मायटी लिटल भीम’ने शब्दांची जागा मोकळी सोडली आणि चित्र उलटायचा हक्क स्वतःकडे ठेवला. तिच्यावरचा माझा शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. तो मालिका काढणाऱ्यांपेक्षा ती दाखवणाऱ्यांवर जास्त आहे.

त्यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करता येतं. ती खूण काढली, की सहा मिनिटांनी पडदा थांबतो, आणि पुढचा भाग कुणीतरी बोट लावल्याशिवाय येत नाही. दरम्यान काय होतं ते घराघरावर आहे. मूल दुसरा भाग मागेल, किंवा उठून पळेल, किंवा मांजराला बांगडा मिळाला का, हे विचारेल. त्याचं उत्तर मालिकेत नाही. ते मालवणीत द्यायचं, वऱ्हाडीत, अहिराणीत की प्रमाण मराठीत, हे ठरवायला मात्र शेजारी कुणीतरी बसलेलं असायला हवं.